मराठीतलं येस

आमच्या वॉर्डात कुणाला बोलणी बसायला लागली की बाकीच्या मुली थर्मामीटर झटकायला लागत. पारा उतरवायला मनगटाचे दोन-चार झटके पुरतात, पण सिस्टरांचं बोलणं तेवढ्यात आटोपत नसे. त्यामुळे पारा तळाला जाऊन बसला तरी आमचे हात चालूच. पांढऱ्या एप्रनमधल्या मुली भिंतीकडे तोंड करून हवेत हात झटकताहेत आणि मधोमध एकटी कुणीतरी मान खाली घालून उभी आहे. नव्या पेशंटला वाटायचं, ही इथली सकाळची प्रार्थना असावी.

मीही झटकायचे, आणि त्यात माझा हात चांगला होता. मुळात मला बोलायला नको असे. शिवाजी पार्कच्या आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलणारे आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या नन्स, त्यामुळे शाळेत माझं इंग्रजी घशात अडकायचं आणि घरी मराठी. नर्सिंगला जाते म्हटल्यावर वडिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. "पेशंटशी बोलावं लागतं, माहीत आहे ना?" ते म्हणाले. मी मान हलवली. मान हलवण्यावर माझं बरंच काम भागत असे.

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी शिकाऊ म्हणून लागले तिथे मान हलवून चालत नव्हतं, पण दोन शब्दांवर भागत होतं. रोज सकाळी सिस्टरांच्या टेबलाभोवती उभं राहून आम्ही त्या दिवसाच्या सूचना ऐकायचो. सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य. त्या गिरगावच्या, घरी अस्सल मराठी बोलणाऱ्या, पण वॉर्डाचा उंबरा ओलांडला की इंग्रजीत शिरायच्या आणि ड्यूटी संपेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. त्यांचं प्रत्येक वाक्य प्रश्न होऊन संपायचं आणि आम्ही एका सुरात म्हणायचं, "येस, सिस्टर." बहुतेक मुली मराठी शाळांतल्या. त्यांना निम्मं कळायचं, उरलेल्या निम्म्यावर येस सिस्टर पांघरायचं. मला सगळं कळायचं आणि तरीही मी तेच म्हणायचे. कोरसमध्ये किती छान लपता येतं ते मला तिथे कळलं.

या कोरसचा एक तोटा होता. सिस्टर एखादीला उभी करून इंग्रजीत म्हणत, "ही आळशी आहे, नाही का?" आणि सूर लागलेलाच असे. येस, सिस्टर.

ही एखादी म्हणजे बहुतेक वेळा एकच. ती लालबागची होती, म्हणून तिला इथे लालबागकरीणच म्हणते. गिरणीवाल्यांच्या चाळीतली, मूळची मालवणकडची, उंच, हातापायानं दणकट, आणि कितीही सांगितलं तरी सिस्टरला 'शिष्टर' म्हणणारी.

"से इट अगेन," सिस्टर म्हणायच्या.

"शिष्टर."

"सिस."

"सिस."

"सिस्टर."

"शिष्टर."

आम्ही तोंडावर हात धरून खिदळायचो. माहीमची एक मुलगी तर हसता हसता उचकी लावून घ्यायची. संध्याकाळी क्वार्टर्समध्ये लालबागकरणीनंच त्याचं व्याकरण करून टाकलं होतं. "आपण शिष्ट," ती म्हणाली, "आणि ती आपल्यापेक्षा शिष्टर. माझां काय चुकलां?" त्यावर कुणीतरी सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रनना शिष्टेस्ट करून टाकलं आणि आम्ही उशीत तोंडं खुपसून हसलो.

पण उशीतलं हसणं आणि वॉर्डातलं हसणं यांत फरक होता. वॉर्डात ती हसत नसे. ड्रेसिंग शिकवायची वेळ झाली की सिस्टरांना बरोबर आठवायचं की बेडपॅन धुवायचे राहिलेत, आणि तिला मागच्या खोलीत पाठवलं जायचं. ती परत येईपर्यंत आमचं ड्रेसिंग शिकून झालेलं असे. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं. थर्मामीटरचे पारे मात्र आमच्या वॉर्डाइतके खाली कुठेच नसतील.

आणि टोप्यांचा दिवस जवळ आला होता. शिकाऊ मुलींना पहिले सहा महिने डोकं उघडं ठेवावं लागतं. मग सिस्टरांनी शिफारस केली की समारंभात टोपी मिळते. शिफारस नाही केली तर सामान बांधायचं. लालबागकरणीच्या आईनं चाळीतल्या नळावर केव्हाच जाहीर करून टाकलं होतं की पोर नर्स झाली. गावाकडे कुडाळला मामांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं, पोर परत आलीच तर म्हणून. "नवरा चांगलो आसा," ती सांगायची, "पण त्याका माझ्याहून जास्ती गप्प ऱ्हवाची सवय आसा. मग घरात बोलतला कोण?" ती हे इतकं हसून सांगायची की आम्हीही हसायचो, पण दिवा मालवल्यावर ती कूस बदलत राहिलेली मला ऐकू यायची.

ते दिवसच तसे हसण्याचे आणि ओरडण्याचे होते. खालच्या रस्त्यावरून मोर्चे जायचे. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही आरोळी खिडक्यांतून वॉर्डात शिरायची आणि बाहेर जायचं विसरून जायची. मेसमध्ये मुली टेबल वाजवायच्या, चहात साखर असलीच पाहिजे. शाळेत जाणारी पोरं म्हणायची, सुट्टी मिळालीच पाहिजे. माझा धाकटा भाऊ शिवाजी पार्कच्या गच्चीवरून ओरडायचा, कॅच सुटलाच पाहिजे. सगळ्या मुंबईला जणू एकच क्रियापद येत होतं.

आमच्या वॉर्डात या आरोळीचे मुख्य पुढारी म्हणजे कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा. साताऱ्याकडचे, गिरणीत शिडीवरून पडून मांडी मोडलेली. पायाला दोरी आणि वजन लावून तो वर टांगलेला, त्यामुळे त्यांना कुशीवर होता येत नसे. अशा पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज पाठ करायची असते. म्हणजे त्यानं वरच्या कडीला धरून अंग उचलायचं आणि आपण खालून हात घालून स्पिरिट चोळायचं, मग पावडर. त्याला आम्ही नुसतं बॅक म्हणायचो. आजोबांची बॅक लालबागकरणीकडे होती, कारण इतर कुणालाच ती नको होती. आजोबांना गुदगुल्या व्हायच्या. भयंकर व्हायच्या. आणि पुरुषमाणसानं पोरीच्या हाताखाली खिदळणं त्यांना शोभत नसल्यामुळे हसू फुटायच्या बेताला आलं की ते घोषणा देत.

"संयुक्त महाराष्ट्र," ते कडीला लोंबकळून ओरडायचे, आणि सगळा वॉर्ड, पोटं शिवलेली, हात बांधलेले, सगळे मिळून उत्तर द्यायचे, "झालाच पाहिजे."

"गप ऱ्हवा आजोबा, पावडर उडता," लालबागकरीण म्हणायची.

"पोरी, तू हात काढ, मग म्या गप."

मेट्रन फेरीला येणार होत्या त्या सकाळीही हेच झालं. मेट्रन इंग्लिश होत्या, स्वातंत्र्यानंतर इथेच राहिलेल्या, आणि त्यांची फेरी म्हणजे आमची परीक्षाच असे. खाटांची चाकं एका दिशेला, उशांच्या अभ्र्यांची तोंडं दाराच्या उलट बाजूला. लालबागकरणीनं आजोबांची बॅक केली. घोषणा झाली. वॉर्डानं उत्तर दिलं. आतून सिस्टरांचा "सायलेन्स" आला. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. इथवर सगळं नेहमीसारखं.

मग मेट्रन आल्या. एकेका खाटेशी थांबत कोपऱ्यात पोचल्या. आजोबांना म्हणाल्या, अंग उचला. आजोबा आज नको तेवढे निवांत पडून होते. त्यांनी जरा कुरकुर केली, मग जेमतेम उचललं. मेट्रननी वाकून पाहिलं. कमरेच्या वर एक लाल डाग होता. चांगला ठसठशीत.

वॉर्डात डाग म्हणजे काय ते सांगायला नको. डाग आज, जखम उद्या, आणि नाव वॉर्डाचं. सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटतं, त्यांनी पुढचं काही ठरवून केलं नसावं. घाबरलेल्या माणसाचा हात नेहमीच्या खुंटीवरच जातो. त्यांनी बोट दाखवलं. या मुलीची ड्यूटी. हिनं आज बॅक केलीच नाही. ही अशीच आहे.

"आय डू, मेट्रन," लालबागकरीण म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, मी केली. पण तिचं इंग्रजी भूतकाळापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ते ऐकायला लग्नातल्या होकारासारखं लागलं. मेट्रनच्या ओठांचा कोपरा हलला. सिस्टर लगेच म्हणाल्या, बघा, 'डू' म्हणते आहे, 'डिड' म्हणत नाही. शिवाय या इतक्या मुली इथे होत्या, एकीनंही पाहिलं नाही.

आमचे हात खिशांकडे गेले. थर्मामीटर निघाले. मेट्रन आमच्याकडे वळल्या.

"यू डिडन्ट सी हर डू इट?"

आणि सूर लागला. "येस, मेट्रन."

आता इथे जरा थांबायला हवं, कारण जे झालं ते फक्त आमच्याच वॉर्डात होऊ शकलं असतं. मराठीत कुणी विचारलं, "तुम्ही पाहिलं नाहीत ना?" आणि आपण "हो" म्हटलं, तर त्याचा अर्थ, हो, नाहीच पाहिलं. मुलींनी तेच म्हटलं होतं. नेहमीसारखं, सिस्टरांच्या बाजूनं, अंग काढून घेत. पण शब्द होता इंग्रजी, आणि इंग्रजीत अशा प्रश्नाला येस म्हटलं की त्याचा अर्थ सरळ उलटा. येस, पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

मेट्रननी समाधानानं मान हलवली. सिस्टरांनीही समाधानानं मान हलवली. दोघी समोरासमोर उभ्या, दोघींना एकाच शब्दात हवं ते मिळालेलं, आणि दोघींना दोन वेगळ्या गोष्टी. त्या खोलीत हे कळलेली मी एकटी होते. माझ्या पोटातून हसू वर चढायला लागलं. सोडावॉटरच्या बाटलीतली गोटी आत ढकलल्यावर होतं ना, तसं. मी दात आवळले आणि जोरजोरात थर्मामीटर झटकू लागले.

मेट्रनना सिस्टरांचा चेहरा खटकला असावा. ज्या बाईचं म्हणणं आत्ताच खोटं ठरलं ती इतकी खूष का, असं वाटून. त्यांनी आमच्या रांगेवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मुलाखतीच्या वेळी त्यांनी मला शाळेचं नाव विचारलं होतं.

"तू," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "एकटी सांग. तू तिला पाहिलंस का?"

मी झटकतच होते.

"ते खाली ठेव, बाळ. त्याला ताप नाही."

मी थर्मामीटर पेल्यात ठेवला. रिकाम्या हाताचं काय करायचं ते कळेना. समोर लालबागकरीण उभी होती, उघड्या डोक्यानं, माझ्याकडे न बघता. तिला वाटत होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आत्ताच कुडाळला पाठवून दिलं आहे. तिच्या हातांवर अजून पावडर होती. कोपरापर्यंत. इतकी पांढरी की कुणालाही दिसली असती, कुणी बघितलं असतं तर.

"येस, मेट्रन," मी म्हटलं. "आय सॉ हर."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची बोलली असती तर तिच्याकडे त्यांनी असंच पाहिलं असतं. आणि मग एक गंमतच झाली. इतकी वर्षं घशात अडकलेलं सगळं एकदम सुटलं. मी म्हटलं, सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलंसुद्धा, कारण हे आजोबा ओरडले.

"काय ओरडले?" मेट्रननी विचारलं.

आता त्या घोषणेचं इंग्रजी कसं करायचं, तेही एका इंग्लिश बाईसमोर, हे मला कुठल्याच ननने शिकवलं नव्हतं. "समथिंग मस्ट हॅपन, मेट्रन," मी म्हटलं.

"व्हॉट मस्ट हॅपन?"

"महाराष्ट्र, मेट्रन."

कुणीतरी मागे उचकी दिली. माहीमवाली होती.

मेट्रननी स्पिरिटच्या बाटलीकडे बोट केलं. मग लालबागकरणीला म्हणाल्या, दाखव. आत्ता माझ्यासमोर कर. लालबागकरणीनं स्पिरिटची बाटली घेतली, आजोबांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, उचला अंग. आज हसलात तर माझो जीव जायत."

"आज नगं गं पोरी," आजोबा म्हणाले. "आज र्‍हाऊ दे."

"उचला म्हणतंय ना."

त्यांनी कडी धरली. उचललं. तिनं खालून हात घातला, आजोबांचा चेहरा लाल झाला, जांभळा झाला, मेट्रनकडे बघून त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला आणि मग त्यांच्यातून ती आरोळी सुटलीच. सगळ्या वॉर्डानं सवयीनं उत्तर दिलं. आणि त्या गदारोळात आजोबांच्या पाठीखालून काहीतरी निसटून खणकन जमिनीवर पडलं, खाटेखालून गडगडत निघालं आणि मेट्रनच्या पांढऱ्या बुटाला टेकून आडवं झालं.

पितळेची चुन्याची डबी होती. गोल.

वॉर्डात तंबाखूला बंदी. मेट्रन येताहेत म्हटल्यावर आजोबांनी ती घाईनं पाठीखालच्या चादरीच्या घडीत सरकवली होती आणि फेरी संपेपर्यंत तिच्यावर एखाद्या कोंबडीसारखे बसून राहिले होते. मेट्रननी डबी उचलली. आजोबांची पाठ पाहिली. डबी डागाजवळ धरली. झाकण बरणीला बसावं तशी ती बसली.

"मेट्रनबाई, नुस्ता चुना हाय," आजोबा म्हणाले. "दुसरं काय बी न्हाय."

यानंतर काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही, कारण वॉर्ड हसत होता आणि पोटं शिवलेले पेशंट हसू नका हो, टाके तुटतील म्हणत हसत होते. मेट्रन हसल्या नाहीत. त्यांनी डबी आपल्या खिशात टाकली, आजोबांना बोट दाखवलं, आणि सिस्टरांना शांतपणे सांगितलं की उद्यापासून ही मुलगी ड्रेसिंगला उभी राहील, आणि तिचं ड्रेसिंग बघायला त्या स्वतः येतील. बेडपॅन बाकीच्या मुली धुतील. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुला आवाज आहे तर."

फेरी पुढे गेल्यावर आम्ही चादरींच्या खोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं. मुलींना अजून कळलंच नव्हतं.

"पण आपण तर नाही पाहिलं म्हणालो होतो," माहीमवाली म्हणाली.

"छे, पाहिलं म्हणालो," मी म्हटलं.

"येस म्हणालो ना पण?"

"तेच तर."

मी समजावलं. मराठीतलं हो आणि इंग्रजीतलं येस. एकेकीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढत गेलं. आपण सगळ्यांनी मिळून, सिस्टरांच्या तोंडावर, त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली आणि आपल्याला पत्ताच नाही. आधी भीतीनं पांढऱ्या पडल्या आणि मग चादरींच्या ढिगावर कोसळल्या. माहीमवालीला पाणी पाजावं लागलं. कुणीतरी म्हणालं, बाई गं, इतक्या शूर आपण नुसत्या चुकून झालो.

लालबागकरीण एकटी हसत नव्हती. ती कोपऱ्यात उभी राहून हातावरची पावडर पुसत होती.

"माका एक सांग," ती मला म्हणाली. "तुझां येस इंग्रजी होतां काय मराठी?"

चादरींवर लोळणाऱ्या मुली उठून बसल्या. तिनं इतक्या साधेपणानं विचारलं होतं की थापही सुचेना.

"पहिलं मराठी," मी म्हटलं. "दुसरं इंग्रजी."

तिनं जरा विचार केला. मग हातातला पावडरीचा फडका माझ्या तोंडावर पुसला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, "मग दुसऱ्यावर मी चाय पाजतंय. पहिल्याचे बेडपॅन तू धू."

मी धुतले. सगळ्याच जणींनी धुतले, आणि ते काम इतकं वाईट होतं की एरवी त्या खोलीत एकटीला कसं वाटत असेल हे कुणाला वेगळं सांगायची गरज उरली नाही. सिस्टर बदलल्या असं नाही. पण सकाळच्या टेबलाशी त्या आता सावध बोलत. प्रश्न टाकण्याआधी थबकत, त्यात 'नाही' आहे का ते मनात तपासून बघत असाव्यात. आणि आमच्यात एक खूण तयार झाली होती. कुणाला बोलणी बसू लागली आणि एखादीचा हात खिशाकडे गेला की शेजारची हळूच म्हणायची, "मराठीतलं येस." हात परत यायचा. नेहमीच यायचा असं नव्हे. पण झटके कमी झाले, आणि थर्मामीटर फुटणंही.

टोप्यांच्या समारंभाला लालबागची अर्धी चाळ आली होती. मागच्या रांगांत त्यांच्या नऊवार्‍या, टोप्या आणि पोरंबाळं. तिची आई सर्वांत पुढे, पदर घट्ट आवळून बसलेली. टोपी ज्या त्या वॉर्डाच्या सिस्टरनं घालायची असा रिवाज. लालबागकरीण गुडघ्यांवर बसली. सिस्टरांनी कडक कांजी केलेली ती पांढरी टोपी तिच्या केसांवर ठेवली आणि पिना लावल्या. मी शेजारीच होते, माझी टोपी झाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"नॉट टू टाइट?" सिस्टरांनी विचारलं.

"येस, शिष्टर."

सिस्टरांचा हात पिनेसकट हवेत थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. आणि मी त्या वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा त्या तिच्याशी मराठीत बोलल्या, अगदी गिरगावातल्या मराठीत.

"अगं म्हणजे घट्ट झाली की नाही झाली?"

लालबागकरणीनं मान न हलवता डोळे वर केले.

"झालीच पाहिजे, शिष्टर."

ती हळू बोलली होती, पण तो शब्द हळू बोललेला ऐकायची त्या दिवसांत मुंबईत कुणाला सवय नव्हती. मागच्या रांगेतून चाळीनं उत्तर दिलं. मेट्रननी काय होतंय म्हणून वळून पाहिलं, सिस्टरांनी ओठ आवळून शेवटची पिन लावली, आणि मी हसू दाबायला सवयीनं खिशात हात घातला. थर्मामीटर वॉर्डात राहिला होता.